तेवीस वेळा

लोक विचारतात, बोस्टन म्हणजे अमेरिकेतलं ना?
नाही. हे लिंकनशरमधलं, आधीचं,
सपाट, कोबीच्या वासाचं,
जिथे चर्चचा मनोरा कुठूनही दिसतो
आणि बाकी काहीच उंच नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर
कॉरिडॉरमधलं बुटकं टेबल माझं.
चार मुलं, चार टॅब, चार हेडफोन,
त्यातल्या एकाची डावी बाजू मुकी.
मी त्यांची मिस के.
क्षीरसागर त्यांच्या जिभेवर मावत नाही,
टॅबच्या शब्दकोशात तर मी नाहीच.

गोष्ट अस्वलाची.
शब्दावर बोट टेकलं की तो बोलतो,
दोनदा टेकलं की चित्र होतो,
आणखी टेकलं तर वाक्यात बसून दाखवतो, शहाण्या मुलासारखा.
कोण कुठे किती अडकलं
ते यंत्र मुकाट लिहून ठेवतं
आणि शुक्रवारी मिसेस थरलबींकडे चुगली करतं.

औस्तेया, वय आठ. शब्द: इनफ.
स्पर्श: तेवीस.
समोर लाल ठिपका. शेरा: आत्मसात नाही.
"जरा बघता का?" मिसेस थरलबी म्हणाल्या.

खरं तर औस्तेयाला काही विचारायचं तर
तीच मला उलटं विचारते.
मागे एकदा 'हनी'वर थांबून म्हणाली, आमच्यात मेदुस.
मी म्हटलं, आमच्यात मध.
दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो,
लग्नाच्या पंगतीत अचानक
दूरची मावसबहीण शेजारी बसावी तशा.
टॅबला यातलं काही कळलं नाही.
त्याने मिनिटभर वाट पाहिली
आणि पडदा काळा केला.

पण इनफ?
त्या शब्दाचं चित्रही धड नाही,
नुसती एक काठोकाठ वाटी.
स्पेलिंगच्या शेपटाला जी आणि एच,
आवाज मात्र फ चा,
हे कुणी कुणाला समजवायचं!
"लिही बघू," म्हटलं.
तिने तळहातावर लिहिलं. बिनचूक.
"अर्थ?"
"गना," म्हणाली, आणि हाताने हवा आडवी कापली.
म्हणजे पुरे.
ताटावर हात धरून म्हणतो तोही पुरे,
दातओठ खाऊन म्हणतो तोही.
मग तेवीस वेळा कशाला गं?

तिने हेडफोन गळ्यात सरकवला.
आई पहाटे पाचला पॅकिंगच्या शेडमध्ये जाते.
पट्ट्यावरून कोबी येतात, येतात, येतच राहतात,
वरचा माणूस वेग वाढवतो.
आईला म्हणायचं असतं.
पण आई म्हणते, इनोग.
सगळे हसतात. पट्टा चालूच.
टॅब घरी न्यायचे नाहीत, कपाटाला कुलूप.
म्हणून मी आवाज कानात भरून नेते, ती म्हणाली,
कमी भरला तर पुलापर्यंतच सांडतो.

मला माझं पहिलं वर्ष आठवलं.
कॅफेतली मुलगी कपात दूध ओतत होती,
माझ्या घशात पुरे, पुरे, अगं पुरे,
आणि ओठांवर नुसतं थँक्यू.
कप भरला, थँक्यू.
बशी भरली, थँक्यू.

अहवालात 'कारण' असा रकाना नव्हता.
मी लाल ठिपक्यावर बोट टेकून पाहिलं.
तो बोलला नाही.

पुढच्या गुरुवारी तिने इनफला एकदाच बोट लावलं,
ओळखीच्या माणसाला मान हलवावी इतकंच.
"आई म्हणाली का?"
"म्हणाली."
"मग?"
"पट्टा थांबला नाही."
जरा वेळाने,
"पण कुणी हसलं नाही."

मग पान उलटलं.
अस्वल फांदीवर, मोहोळ उठलेलं.
तिचं बोट ओळीवरून सावकाश सरकत
'स्टिंग'वर येऊन थांबलं.
मी वायरीचा पीळ सोडवला
आणि आवाज वाढवून दिला.